निळ्या खडूची तलफ

अमली पदार्थांवरचं व्याख्यान म्हटलं की सांगलीच्या त्या शाळेतल्या अर्ध्या मुलांच्या पोटात दुखायला लागायचं. उरलेली अर्धी सभागृहात बसून पडद्यावरच्या कवट्यांना मिशा काढायची. पण त्या मंगळवारी नवल घडलं. आठवीपासून बारावीपर्यंतची सगळी पोरं घंटेआधीच येऊन बसली, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ती खिडक्यांच्या गजांना लटकली. कारण त्या दिवशी टोप येणार होता.

टोपाबद्दल आठवडाभर काय काय उठलं होतं! कुणी म्हणे, तो घातला की भुतं दिसतात. कुणी म्हणे, कोल्हापुरात एक पैलवान तो घालून लहान पोरासारखा रडला. प्रत्यक्षात पेटीतून निघालं ते सायकल चालवताना घालतात तसलं एक राखाडी शिरस्त्राण. मागच्या रांगेतून निराशेचा सुस्कारा ऐकू आला.

टोप घेऊन आलेल्या डॉ. शाहीन मुजावर मिरजेच्या. मेंदूवर ध्वनिलहरींचा काय परिणाम होतो, यावर त्यांनी उभी हयात घालवलेली. बुटक्याशा, पांढऱ्या केसांच्या, आवाज मात्र मैदानावरच्या पंचासारखा.

"मोठी माणसं तुमच्याशी एक खोटं बोलत आलीत," त्यांनी सुरुवातच अशी केली. "झुळुकीत मजा नसते, असं सांगतात. असते. पहिल्यांदा तर भरपूर असते."

खिडक्यांतली पोरं गजांवरून आत वाकली. झुळूक म्हणजे काय हे तिथं कुणाला सांगायची गरज नव्हती. दोन-तीन वर्षांपूर्वी ती गावात आली. पेनासारख्या नळीतून ओढायची, आंब्याच्या नाहीतर पेरूच्या वासाची वाफ. आत प्रयोगशाळेत शिजवलेलं कसलंसं रसायन. तिचं नाव शिक्षकांसमोर घ्यायची कुणाची छाती नव्हती, आणि या बाई 'मजा असते' म्हणत होत्या.

"ते खोटं तुम्हाला एक दिवस कळतं, आणि मग आमचं खरं बोलणंही तुम्ही थापच समजता. म्हणून आज सगळं खरं सांगते. तुमच्या मेंदूत 'आवडतं' म्हणणारी एक जागा आहे आणि 'पाहिजे' म्हणणारी दुसरी. दोघी शेजारणी. गरम भजी दिसली की दोघी एकदम बोलतात, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. झुळूक ओढली की पहिल्यांदा दोघी नाचतात. पण दर खेपेला 'आवडतं' थोडी थकते आणि 'पाहिजे' थोडी माजते. पुढं असे दिवस येतात, की जे जरासुद्धा आवडत नाही तेच जिवाच्या आकांतानं पाहिजे असतं. झोप उडते, छाती धडधडते, वाचलेलं डोक्यात राहत नाही, जेवणात चव नाही, मित्रांत जीव रमत नाही. आणि तुमच्या वयाला एक जास्तीची अडचण. कपाळामागचा हा भाग आहे ना, तो मेंदूचा ब्रेक. तो पुरता बसायला पंचविशी उजाडते. इंजिन मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच धडधडायला लागतं. गाडी दमदार, ब्रेक कच्चा, आणि रस्ता आंबा घाटाचा!"

पोरं हसली. शाहीन मॅडमनी टोप उचलला.

"यातून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात. भिंगानं ऊन एका ठिपक्यावर आणतो, तशा त्या मेंदूतल्या जिऱ्याएवढ्या जागेवर आणायच्या. 'पाहिजे' तेवढी जागी होते, 'आवडतं'ला धक्काही लागत नाही. मजा शून्य, तलफ पुरती. थोड्या वेळात टोप काढला की मागे काही उरत नाही. मोठ्यांवर कित्येक वर्षं तपासून मगच शाळांत आणलाय. आता तलफ कशाची? जे समोर ठेवू त्याची. आम्ही हे ठेवतो."

त्यांनी टेबलावर निळ्या खडूचा तुकडा ठेवला. वर्गातले फळे सगळे काचेचे झाल्यापासून आठवीतल्या कित्येकांनी खडू हातातही धरला नव्हता. सभागृह हशानं दणाणलं.

हसणाऱ्यांत त्रिशला शिरगुप्पे नव्हती. अकरावीतली त्रिशला, मुलींच्या होडीची कप्तान. रविवारी कृष्णेत शर्यत होती, आणि तिच्या तळहातांवर वल्ह्याचे फोड अजून ओलेच होते. आईअप्पांची संमती, डॉक्टरांची तपासणी, सगळं उरकून ती पहिल्या रांगेत बसली होती. टोप घालायला पहिलं नाव तिनंच दिलं होतं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचा भाऊ सम्मेद एकोणीस वर्षांचा. एके काळी तो पाण्यात उतरला की घाटावरची म्हातारी माणसंही उठून उभी राहायची. त्रिशलाला वल्हं धरायला त्यानंच शिकवलं. मग झुळूक आली. एका सकाळी होड्यांच्या शेडमागं तो निळा पडलेला त्रिशलालाच सापडला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी शपथ, त्रिशा. पुन्हा नाही." पंधरवडाही सरला नाही, आणि त्याच्या उशीखाली झुळुकीचं पेन सापडलं. त्या दिवसापासून वर्ष झालं, त्रिशला त्याच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. मैत्रिणींना ती सांगायची, दादा शिकायला बेळगावला आहे. तो आतल्या खोलीत खिडकीपाशी बसलेला असायचा.

त्याला कणाच नाही, असं तिचं ठाम मत होतं. कणा असलेलं माणूस काय करतं, ते तिला आज दाखवायचं होतं. कुणाला, ते तिलाही नीट ठाऊक नव्हतं.

"खडू उचललास तर काय सोडशील?" मॅडमनी टोप बसवता बसवता विचारलं. "तुझं तू ठरव. छोटंसं काहीतरी. आठवडाभर आइस्क्रीम नाही, असलं."

"रविवारची शर्यत," त्रिशला म्हणाली. "खडू उचलला तर त्या दिवशी वल्हं धरणार नाही."

"येडी झालीस का?" खालून कस्तुरी आवटी ओरडली. कस्तुरी तिची जिवलग मैत्रीण, आणि होडीत तिच्या पाठीमागं बसणारी.

"एवढं मोठं नको," मॅडम म्हणाल्या.

"मोठं नसलं तर शब्द कसला, मॅडम? खडूच तर आहे."

मॅडमनी टोपाचा पट्टा आवळला. "बरं. हे लाल बटण डाव्या हाताखाली ठेव. नको वाटलं की दाब, टोप त्या क्षणी बंद होईल आणि आम्ही खडू घेऊन जाऊ. दाबलंस तर हरलीस असं नाही. तुझा शब्दही शाबूत."

आधी काहीच झालं नाही. त्रिशलाला हसू यायला लागलं. खालच्या पोरांकडं बघून तिनं भुवया उडवल्या.

मग तिच्या लक्षात आलं, की खडूचं एक टोक झिजलंय.

त्यात काय विशेष? पण नजर तिथून हलेना. झिजलेल्या टोकाशी निळा रंग जरा गडद होता. तोंडाला कोरड पडली. बोटांची टोकं हुळहुळायला लागली. खडू वाकडा ठेवलाय, तिला वाटलं, उचलायचा नाही, नुसता सरळ करायचा. सरळ करणं म्हणजे काही उचलणं नव्हे. हा विचार तिच्याच आवाजात आला, अगदी शहाण्यासारखा, गणितातली पायरी सांगावी तसा.

"मॅडम, वेळ संपली."

"नाही संपली, बेटा."

"माझं डोकं दुखतंय."

"मग बटण दाब. तुझ्याच हाताखाली आहे."

त्रिशलानं डावा हात बटणावरून उचलून घेतला. बटण दाबलं तर ते खडू घेऊन जातील, एवढं एकच तिला कळत होतं. डोकं दुखत नव्हतं. ती खोटं बोलली होती, आणि खोटं बोलल्याचं तिला काही वाटलंही नव्हतं.

कस्तुरी मंचावर धावत आली आणि तिनं त्रिशलाचे हात धरले. "त्रिशा, माझ्याकडं बघ. शर्यत हाय रविवारी. आपण वर्षभर पहाटे उठलोय गं!"

त्रिशलानं नदी आठवून पाहिली. घाट, पूल, होडीचं नाक, सगळं दिसलं, पण दुसऱ्या कुणाच्या घरातला फोटो बघावा तसं. कस्तुरी मध्ये उभी होती, आणि तिच्यामागं खडू होता. पुढचं त्रिशलाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तिनं कस्तुरीला ढकललं. खुर्ची कलंडली, कस्तुरी गुडघ्यावर आपटली. आणि खडू मुठीत आला.

मुठीत आला आणि काहीच झालं नाही. आनंद नाही, समाधान नाही. ती पेटीकडं बघत होती, आत अजून एखादा खडू असेल का म्हणून.

मॅडमनी टोप काढला. बटण बंद केल्यावर पंखा थांबतो तशी ती ओढ मंदावत मंदावत थांबली. हातात निळा चुरा राहिला. कस्तुरी गुडघा चोळत होती. एवढ्या मोठ्या सभागृहात कुणी हसलं नाही.

"शर्यतीचं विसर," मॅडम तिच्या कानाशी म्हणाल्या. "तो खेळ होता."

"शब्द दिला होता, मॅडम." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. मग ती कस्तुरीजवळ खाली बसली, आणि दोघी किती तरी वेळ एकमेकींना धरून होत्या.

दुपारी मॅडमना बसायला दिलेल्या खोलीबाहेर तीन मुलं उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी नावं विचारली नाहीत. त्यातल्या नववीतल्या मुलीनं दप्तरातून झुळुकीचं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मला वाटायचं, मी कधीही सोडू शकते. आज वाटंना झालंय." कवट्यांच्या व्याख्यानांनी इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं, ते एका खडूनं केलं होतं.

त्रिशला घरी गेली, ती चपला न काढताच आतल्या खोलीत शिरली. सम्मेद दचकला.

"काय पाहिजे?"

"माझी शपथ घेतलीस तेव्हा खोटं बोलत होतास का, दादा?"

वर्षानंतर तिच्या तोंडून 'दादा' ऐकून तो गोंधळला. मग मान हलवली. "नाही. घेताना खरीच होती."

"मग मोडली कशी?"

"ते तुला कळायचं नाही."

"कळलंय," ती म्हणाली, आणि त्याच्या पलंगावर बसून तिनं सगळं सांगितलं. झिजलेलं टोक, डोकेदुखीचं खोटं, कस्तुरीला दिलेला धक्का. निळा तळहात त्याच्यापुढं धरला. सम्मेद ऐकत होता. बटणाशी येऊन ती अडखळली, तेव्हा तोच म्हणाला, "दाबलं नाहीस."

"नाही."

"बरोबर हाय." तो खिडकीकडं वळला, कारण डोळे भरले होते. "हे मला कुणाला सांगता आलं नाही बघ. डॉक्टर म्हणतात, अप्पा म्हणतात, बटण तुझ्या हाताखाली हाय, दाब की. हाय खरं. पण दाबूशी वाटायला जे लागतंय, तेच आधी पळवून नेलेलं असतंय." मग त्यानं विचारलं, "आता हाय का तलफ?"

"टोप काढला, तशी गेली."

"नशीबवान आहेस," तो म्हणाला. "माझा टोप कोण काढणार गं?"

त्रिशला ताडकन उठली. एक विचार तिच्या डोक्यात विजेसारखा चमकून गेला होता. "थांब इथंच," असं म्हणून ती निघाली. मिरज रस्त्यावरून तिची सायकल त्या संध्याकाळी अशी सुटली, की चालकाविना चालणाऱ्या रिक्षा तिला वाट देत बाजूला होत होत्या.

शाहीन मॅडम त्यांच्या प्रयोगशाळेत नुकत्याच पोचल्या होत्या. त्रिशलानं दारातूनच विचारलं, "ज्या दारातून तुम्ही तलफ आत घालता, त्याच दारातून ती बाहेर काढता येते का?"

मॅडमनी तिला पाणी दिलं, बसवलं. मग हसल्या. "हा प्रश्न कुणीतरी विचारील म्हणून मी प्रत्येक शाळेत वाट बघते. येते. लहरींची लय उलटी केली की 'पाहिजे' निजते. मोठ्या माणसांवर प्रयोग चालू आहेत, इथंच, माझ्याकडं."

"मग दादाला आजच आणते!"

"थांब. पुरतं ऐक. झुळुकीचं 'पाहिजे' वेगळं आणि भाकरीचं 'पाहिजे' वेगळं, असं मेंदूत नसतं. निजतं ते सगळंच निजतं. पावसाळ्यात उघडीप मिळते ना, तशी आम्ही देतो ती नुसती उघडीप. तेवढ्यात औषधं, समुपदेशन, नवी संगत, सगळं उभं करायचं. मग 'पाहिजे' हळूहळू जागी होते. बहुतेकांची आठवडाभरात. काहींची उशिरा. एका माणसाची अजून झालेली नाही. तो जेवायला वाढलं तर जेवतो, नाहीतर बसून राहतो. हे सांगितल्याशिवाय मी कुणालाही टोप घालत नाही."

घरी हे सगळं ऐकून आईनं पदर तोंडाला लावला. "पोरगा कायमचा दगडासारखा बसून राहिला तर?"

"आई, आता तरी काय करायलोय?" सम्मेद म्हणाला. पण रात्रीच्या जेवणानंतर त्यानं त्रिशलाला हळूच विचारलं, "नदीच नको झाली तर गं? रोज सकाळी ती पाहिजे असते, म्हणून तर खिडकीत बसतोय. ती एकच गोष्ट राहिलीय माझ्याकडं."

त्रिशलानं खोटं उत्तर दिलं नाही. "मला माहीत नाही, दादा. मला भीती वाटतीय." मग तोच म्हणाला, "जाऊ या. नुसती खिडकीतून किती बघायची?"

गुरुवारी उलट्या लयीचा टोप त्याच्या डोक्यावर बसला. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कायम थरथरणारे हात शांत होते. आईनं हात जोडले. त्रिशलाला तर नाचावंसं वाटत होतं.

शुक्रवारी तिचा आनंद ओसरला. आईनं त्याच्या आवडीचे धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी केली. ताट पुढं सरकवलं तेव्हा त्यानं खाल्लं. अर्ध्यावर ताट उचललं असतं, तरी त्याला चाललं असतं.

"झुळूक पाहिजे का रे?" त्रिशलानं विचारलं.

"नाही."

"अजून एक धपाटा?"

"नाही."

"माझा राग येतो का? वर्षभर बोलले नाही त्याचा?"

त्यानं विचार केला. "नाही." खिडकीपाशीही तो बसला नाही. पलंगावर भिंतीकडं बघत बसला. शनिवारी समुपदेशक येऊन गेले. तो विचारलेल्याची उत्तरं देत होता, बस. त्रिशला स्वयंपाकघरात जाऊन रडली. दादाची तलफ गेली होती, आणि तिच्याबरोबर दादाही गेल्यासारखा वाटत होता. त्याला त्या दारात तिनंच नेलं होतं.

रविवारी तिनं त्याला ओढतच घाटावर नेलं. हलगी कडकडत होती, आयर्विन पुलावर माणसांची भिंत उभी होती, मगरींची चाहूल देणाऱ्या खांबांवर सगळीकडं हिरवे दिवे होते. कृष्णा दोन्ही काठ भरून वाहत होती. जुने वल्हवणारे सम्मेदला बघून चपापले, कुणी पाठीवर थाप दिली. तो पायरीवर बसला, ठेवलेल्या पोत्यासारखा.

त्रिशलाच्या जागी राखीव मुलगी बसली होती. कस्तुरीनं होडीतून हात केला, तेव्हा त्रिशलानंही हात उंच केला. आपण शब्द पाळला याचं समाधान होतं, आणि वल्ह्यासाठी तळहात शिवशिवतही होते. ही शिवशिव आपली आहे, टोपानं दिलेली नाही, हे तिला आता ओळखता येत होतं.

बार उडाला. होड्या सुटल्या.

आरडाओरड्यात पूल हादरला. हरिपूरच्या मुलींची होडी बाणासारखी पुढं निघाली. सांगलीची मागं पडली, एक होडीभर, मग दीड. "ओढा! ओढा की गं!" त्रिशला घसा फाडून ओरडत होती. दादा शेजारी आहे हेही ती विसरली.

"तिरकी चाललीय."

तिनं चमकून बघितलं. सम्मेद बसलेलाच होता, पण मान वर होती.

"काय म्हणालास?"

"होडी तिरकी चाललीय. नवी पोरगी घाबरून आधी ओढतीय. बाकीच्यांचं वल्हं मागनं येतंय." त्यानं कपाळाला आठी घातली. "सुकाणूवाली काय झोपलीय का?"

होड्या घाटासमोर आल्या. सम्मेद उठून उभा राहिला. एक पायरी उतरला, मग दोन, मग माणसं बाजूला सारत धावतच सुटला, आणि गुडघाभर पाण्यात शिरला. स्वयंसेवक शिट्ट्या मारायला लागले.

"कस्तुरे! आवाज दे! हूं... हो! हूं... हो!" वर्षभरात कुणी न ऐकलेला तो खणखणीत आवाज पाण्यावरून गेला. "नव्या पोरी, पाठ बघ पुढचीची! पाण्याकडं नको, पाठीकडं बघ! हूं... हो!"

घाटावरच्या लोकांनी तोच ठेका उचलला. शेकडो गळ्यांतून 'हूं... हो' घुमलं. होडीचं नाक सरळ झालं. सगळी वल्ही एकदम बुडाली, एकदम निघाली. दीड होडीचं अंतर एक झालं, अर्धं झालं, हरिपूरच्या सुकाणूवालीनं घाबरून मागं बघितलं, आणि झेंडा पडला.

हरिपूरची होडी हातभर पुढं होती.

त्रिशला धावत पायऱ्या उतरली. सम्मेद पाण्यात उभा होता, लालबुंद, धापा टाकत. त्यानं दोन्ही मुठी पाण्यावर आपटल्या.

"जिंकायला पाहिजे होती!" तो ओरडला. "अजून थोडं पाणी असतं ना, तर घेतलीच होती! तू का नव्हतीस गं आत? पुढच्या वर्षी तू बसायचं, आणि सुकाणूला मीच पाहिजे, सांगून ठेवतोय!"

त्रिशला त्याच्याकडं बघतच राहिली. त्यानं काय म्हटलं ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. झुळूक पुन्हा हाक मारणार होती, हे मॅडमनी बजावलं होतं, आणि तिला ते पक्कं माहीत होतं. पण आधी जागी झाली होती ती नदी.

"अजून?" तिनं हसत, रडत विचारलं. "अजून काय पाहिजे, दादा?"

सम्मेदनं ओल्या हातानं तोंड पुसलं आणि जरा वेळ खरंच विचार केला.

"भूक लागलीय," तो म्हणाला. "आईनं काय केलंय?"